साथरोगकाळातील स्पर्धाविधी
साथरोगकाळातील स्पर्धाविधी : साथीच्या काळात व्यापारी संगनमत व प्रबळ स्थानाचा दुरुपयोग यांस प्रतिबंध करणारी विधिव्यवस्था. भारतात स्पर्धा अधिनियम, २००२ मधील कलमे ३ व ४ अन्वये ही कृत्ये निषिद्ध आहेत. तथापि एकट्या विक्रेत्याने टंचाईत केलेली भाववाढ सामान्यतः त्यांच्या कक्षेत येत नाही. कोविड-१९ च्या साथीत ही मर्यादा प्रकर्षाने दिसून आली.

भारतीय स्पर्धा आयोगाने १९ एप्रिल २०२० रोजी सूचनापत्र काढून औषधे व वैद्यकीय उपकरणे यांच्या पुरवठ्यासाठी आवश्यक व प्रमाणशीर अशा परस्परसहकार्यास वाव दिला. मात्र साथीचा गैरफायदा घेणाऱ्यांस अभय दिले नाही. भावनियंत्रण अन्य विधींनी साधले. केंद्र शासनाने मार्च २०२० मध्ये मुखपट्ट्या व हातांचे जंतुनाशक द्रव या जीवनावश्यक वस्तू ठरविल्या. महाराष्ट्र शासनाने मे २०२० मध्ये खाजगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांचे दर बांधून दिले; श्वसनयंत्रासह अतिदक्षता विभागाचा कमाल दर प्रतिदिनी ९,००० रु. होता. ऑक्टोबरमध्ये एन-९५ मुखपट्टीची कमाल किंमत प्रकारानुसार १९ ते ४९ रु. ठरविण्यात आली. स्पर्धाविधीतील चौकशीस अवधी लागतो. रुग्णास तेवढा अवधी नसतो. म्हणून अशा काळात दरनियंत्रण हे त्यास आवश्यक पूरक ठरते.