पाणी उलटं फिरतं तेव्हा

आमच्या भाट्यात आणि एकूणच रत्नागिरीच्या किनाऱ्यावर माडांच्या वाड्यांना पूर्वी रहाटानं पाणी दिलं जाई. इंग्रजांनी या यंत्राला ‘पर्शियन व्हील’ म्हटलं; पण रहाट हा शब्द संस्कृत ‘अरघट्ट’वरून आलेला. फारसी शब्दांवर जीव असलेल्या माझ्यासारख्या कवीला इथे माघार घ्यावी लागते! बाबरानं आपल्या आठवणींत लाहोर, सरहिंदकडचा रहाट बारकाईनं वर्णिला आहे. आग्र्याकडची मोट मात्र त्याला घाणेरडी वाटली. दोर बैलांच्या शेणामुतातून फरफटत पुन्हा विहिरीत उतरतो, ही त्याची तक्रार.

रहाटाची खरी अडचण वेगळीच. बैल थांबले की भरलेले लोटे चाकाला उलटं ओढतात. म्हणून पंजाबात चाकाला खटका बसवत. त्याला ‘कुत्ता’ म्हणत आणि त्याची टकटक शेतात दूरवर ऐकू जाई.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. १९२६ साली तिथं पंप तयार होऊ लागले आणि पुढे रहाट मागं पडत गेला. पण काठावर ठेवलेला पंप पंचवीसेक फुटांपेक्षा खोल पाणी ओढू शकत नाही. हवेचा दाबच तेवढा. यावरचा उपाय म्हणजे व्हर्टिकल टर्बाइन पंप. विसाव्या शतकाच्या आरंभी तो कॅलिफोर्नियातल्या खोल विहिरींसाठी घडला. पाणी उचलणारे पंखे खाली पाण्यात, मोटर वर आणि मधे लांबच लांब शाफ्ट. नदीकाठच्या जॅकवेलवर हाच पंप सोयीचा; नदी चढली तरी मोटर कोरडी.

मी बी.ए. झालेला माणूस, यंत्रातलं मला काय कळणार? एका जॅकवेलवरच्या पंपचालकानं समजावलं तेवढंच सांगतो. मोटरच्या डोक्यावर एक नट असतो. तो फिरवून शाफ्ट किंचित उचलायचा. पंप चालू झाला की पाण्याच्या भारानं शाफ्ट ताणला जातो, म्हणून त्या ताणाची जागा आधीच सोडावी लागते. कमी उचलला तर पंखे खालच्या भांड्याला घासतात. जास्त उचलला तर वरच्या बाजूला घासतात, नाहीतर पाणी आतल्या आत परततं. रबरी बेअरिंगं कोरडी फिरली की जळतात, म्हणून आधी त्यांच्यावर पाणी सोडायचं. ग्लँडमधून थेंब थेंब गळतच राहायला हवं. पाहुणे अधिकारी तेवढंच पाहून “गळती बंद करा” म्हणतात. हा मान हलवतो आणि ते गेल्यावर ग्लँड पुन्हा सैल करतो.

सर्वांत धोक्याची वेळ वीज गेल्यावरची. पाइपातलं पाणी खाली कोसळतं आणि पंखे उलटे गरगरतात. तेवढ्यात वीज आली नि घाईनं बटण दाबलं, तर शाफ्ट पिळवटून तुटू शकतो. म्हणून कित्येक मोटरींत उलटं फिरणं रोखणारा खटका असतो, पंजाबातल्या कुत्त्याचाच भाऊबंद.

“खटका झिजतो हो,” तो म्हणाला. “गावातून फोनवर फोन येतात, पाणी का नाही म्हणून. मी शाफ्टकडे बघत बसतो. पुरता थांबल्याशिवाय हात लावत नाही.”