आधी दवाखाना, मग वर्ग

मुंबईत 1874 साली घोड्यांनी ओढायची ट्राम धावू लागली. प्राण्यांवरचं क्रौर्य रोखणारी संस्थाही त्याच वर्षी स्थापन झाली, आणि हा योगायोग बोलका आहे. लंगडणारे घोडे, जू घासून खांदा सोललेले बैल भर रस्त्यात दिसत. त्यांना दाखवायचं कुणाला? पुण्यात लष्कराची पशुवैद्यक शाळा 1862 मध्येच निघाली होती, पण ती पलटणीच्या गरजेपुरती.

सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या दातृत्वातून परळला आधी जनावरांचं रुग्णालय उभं राहिलं. त्याच्याच आधाराने 2 ऑगस्ट 1886 रोजी बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेज सुरू झालं. पहिले प्राचार्य जे. एच. स्टील. आधी दवाखाना, मग वर्ग, हा क्रम शहाणपणाचाच म्हणायला हवा.

त्या काळच्या ब्रिटिश वळणाच्या शिक्षणात घोडा हा मुख्य पाहुणा. पुढे गाय-म्हैस मध्यभागी आली.

हाडं मात्र तीच राहिली. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी शरीररचनाशास्त्राच्या वर्गात बैलाची कवटी हातात घेतो, तेव्हा वरच्या जबड्यात पुढचे दात नाहीत हे त्याला दिसतं. गवत जिभेने ओढून का खाल्लं जातं, ते मग वेगळं सांगावं लागत नाही.

महाविद्यालय आता नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे आहे. अभ्यासक्रम इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचा. नेरूळ-वाशीच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलांनाही म्हशीजवळ मागून अचानक जायचं नाही, हे आधी शिकावं लागतं. थर्मामीटर त्यानंतर.