गीत हेच प्रमाण

आपल्या मराठी मंडळ्यांत एक समज इतका खोल रुजला आहे, की तो निव्वळ समज आहे हेही कुणाच्या लक्षात येत नाही. उपासनेतली गीते म्हणजे मनाची मशागत, आणि खरी पेरणी पाळकसाहेबांच्या संदेशात. म्हणून उशिरा येणारा दारातच स्वतःची समजूत घालतो, अजून गाणीच चालली आहेत. म्हणून वेळ कमी पडला की कडवी गाळली जातात, पहिले आणि शेवटचे तेवढे घेतात. संदेश मात्र सहसा कुणी कापत नाही. अलीकडे याच समजाला नवे रूप आले आहे. तिथे गाण्याला चांगला अर्धा-पाऊण तास मिळतो, ‘स्तुती-आराधना’ हे नावही फक्त गाण्यांनाच दिले जाते, आणि मन उचंबळून आले, डोळे पाणावले, तर आराधना ‘चांगली झाली’ असे म्हणतात. पेटी-तबल्यावाले जुने आणि गिटार-ड्रमवाले नवे यांच्यात वाद्यांवरून कितीही खटके उडोत, मुळाशी दोघे एकाच मताचे आहेत. गाणे हे मनावर परिणाम घडवण्याचे साधन, असे दोघेही धरून चालतात.

हे मत मला मान्य नाही. त्याने उपासनेचा एक मोठा भाग पोकळ केला आहे, असे मला मनापासून वाटते.

पूर्वपक्ष दुबळा नाही, हे आधी सांगितले पाहिजे. आठवडाभर कारखान्यात, शाळेत, दवाखान्यात राबलेली माणसे रविवारी सकाळी येऊन बसतात. कुणाच्या डोक्यात घराचा हप्ता असतो, कुणाच्या डोक्यात मुलाची परीक्षा. दोन गीते झाली की मन खरोखरच स्थिर होते, हा प्रत्येकाचा अनुभव आहे. शिवाय या मताच्या पाठीशी ऑगस्टीनसारखा आचार्य उभा करता येतो. आपल्या ‘कबुलीजबाबा’च्या दहाव्या भागात तो या प्रश्नाशी झगडतो. कानाला गोड लागणाऱ्या सुरांची त्याला भीती वाटते, पण दुबळे मन त्या गोडीच्या आधाराने भक्तीकडे चढू शकेल, म्हणून चर्चमधले गायन चालू राहावे याकडे अखेर त्याचा कल झुकतो. म्हणजे गाणे ही दुबळ्यांची काठी.

काठीची ही उपपत्ती एकदा स्वीकारली की तिचा शेवट कुठे होतो, हे झुरिचमध्ये दिसले. तिथला धर्मसुधारक उल्रिख झ्विंग्ली स्वतः उत्तम संगीतज्ञ होता, अनेक वाद्ये वाजवायचा. त्याला संगीताचा तिटकारा असण्याचा प्रश्नच नव्हता. पण देवाशी बोलायचे ते अंतःकरणात, असे त्याचे ठाम मत होते. पौलाने अंतःकरणात गायला सांगितले आहे, तोंडाने नव्हे, असा अर्थ त्याने लावला. 1525 च्या त्याच्या उपासनाविधीत गायनाला जागाच नव्हती. 1527 मध्ये ग्रोसम्युन्स्टर चर्चमधला ऑर्गन मोडून काढला गेला. झुरिचच्या चर्चमध्ये गाणे परत आले ते 1598 साली, म्हणजे झ्विंग्लीच्या मृत्यूनंतर सदुसष्ट वर्षांनी. गाणे केवळ मनाच्या एकाग्रतेसाठी असेल, तर झ्विंग्लीला उत्तर काय देणार? ज्याचे मन शांततेत अधिक एकाग्र होते, त्याने गाणे सोडावे. ज्याला काठी लागत नाही, त्याने ती फेकावी. आणि उद्या गाण्यापेक्षा परिणामकारक साधन सापडले, तर ते आणावे. प्रचलित मत मान्य करणाऱ्याला हे तिन्ही निष्कर्ष नाकारता येत नाहीत.

झ्विंग्लीला खरे उत्तर पौलाच्याच पत्रांत आहे. कलस्सैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात ‘अंतःकरणात’ हा शब्द आहेच, पण त्याच वाक्यात एकमेकांना शिकवण्याची आणि बोध करण्याचीही आज्ञा आहे, आणि स्तोत्रे, गीते, आध्यात्मिक गाणी त्या आज्ञेला लागूनच येतात. इथे व्याकरणाचा एक आक्षेप घेतला जातो, आणि तो प्रामाणिक आहे. मूळ ग्रीक वाक्यात ही गीते ‘शिकवणे’ या क्रियेला न जोडता पुढच्या ‘गाणे’ या क्रियेलाही जोडता येतात. ठीक आहे. पण इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात ही पळवाट राहत नाही. तिथे गीतांनी एकमेकांशी बोला, असाच प्रयोग आहे. गाण्याच्या दोन दिशा एकाच वाक्यात आल्या आहेत, एक प्रभूकडे आणि दुसरी शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे. आपल्या चर्चेत स्वतःच्या मनाकडे जाणारी तिसरीच दिशा मध्यभागी येऊन बसली आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे. उपासनेतले गाणे हे मंडळीचे बोलणे आहे. ती आपला विश्वास देवापुढे उच्चारते आणि त्याच उच्चाराने एकमेकांना तो विश्वास शिकवते, त्याची आठवण देते. गाणे ही पुढे येणाऱ्या वचनाची तयारी नाही, कारण वचन तिथेच बोलले जात असते. मन उल्हसित होईल किंवा होणार नाही. ते फळ आहे, हेतू नाही.

हे माझ्या पदरचे नाही. सुमारे 112 साली बिथुनियाचा रोमन सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्रेजनला पत्र लिहून विचारले, की या ख्रिस्ती लोकांचे करायचे काय. चौकशीत त्याला जे कळले ते त्याने कळवले: हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमतात, ख्रिस्त जणू देव आहे असे मानून त्याला उद्देशून आळीपाळीने गीत म्हणतात, आणि चोरी, व्यभिचार, विश्वासघात न करण्याची शपथ घेतात. या अहवालात प्रवचनाचा उल्लेखच नाही. अनुल्लेखावर फार भार टाकू नये हे मला कळते. पण परक्या अधिकाऱ्याच्या डोळ्यांत भरले ते काय, हे महत्त्वाचे आहे. हे लोक कुणाला देव मानतात, हे त्याला त्यांच्या गाण्यावरून कळले.

आणि ऑगस्टीनला उत्तर देतो तो त्याचाच गुरू अँब्रोज, तेही ऑगस्टीनने ती कबुली लिहिण्याच्या दहा-बारा वर्षे आधी. साल 386, शहर मिलान. राजमाता जस्टिना आरियसपंथी, म्हणजे पुत्राला पित्याच्या बरोबरीचा न मानणाऱ्यांची पाठीराखी. तिला अँब्रोजच्या ताब्यातले चर्च हवे होते. लोक आत ठाण मांडून बसले, बाहेर सैनिक. त्या पहाऱ्यात अँब्रोजने त्यांना पूर्वेकडच्या रीतीने स्तोत्रे व गीते म्हणायला लावली. विरोधकांनी ओरड केली, की हा गाण्यांनी लोकांना भुरळ घालतो. अँब्रोजने आरोप नाकारला नाही. त्याच्या उत्तराचा आशय असा: पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचा स्वीकार साऱ्या जनतेच्या तोंडून रोज होतो, याहून प्रभावी दुसरे काय असणार? जे धड शिष्यही होऊ शकत नव्हते, ते सगळे आता गुरू झाले आहेत.

या उत्तरावर मी पुन्हा पुन्हा थांबतो. अँब्रोज नामांकित वक्ता होता. ऑगस्टीन मुळात त्याचे वक्तृत्व ऐकायलाच गेला होता. लोकांना मी संदेशासाठी तयार केले, असे तो सहज म्हणू शकला असता. तो म्हणतो, ते शिकवणारे झाले. आणि ऑगस्टीनचाच तो उतारा शेवटपर्यंत वाचला तर पूर्वपक्षाचा आधार तिथेही डळमळतो. गायलेल्या गोष्टीपेक्षा गाण्यानेच मी अधिक हेलावलो तर ते माझे पाप, असे तो म्हणतो. मनाच्या हेलावण्याला त्यानेही कसोटी मानलेले नाही.

मग मशागतीची कल्पना आपल्याकडे आली कुठून? मला ती मैदानी सभांतून आलेली दिसते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये मोठमोठ्या सुवार्तासभा भरू लागल्या. मूडी बोलायचा, सँकी गायचा, आणि 1873 ते 1875 या काळात त्या जोडीने इंग्लंड-स्कॉटलंड हलवून सोडले. जमलेले लोक अनोळखी, कित्येक चर्चची पायरी न चढलेले. त्यांना आधी गाण्याने धरून ठेवायचे, मग संदेश, मग आवाहन. त्या सभेपुरता हा क्रम योग्यच होता. पुढे तो सभेच्या मैदानातून रविवारच्या उपासनेत शिरला, आणि विश्वासणारी मंडळी स्वतःच्याच घरात गर्दीसारखी बसू लागली. याउलट रोमन कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 4 डिसेंबर 1963 च्या उपासनाविषयक दस्तऐवजात शब्दांशी जोडलेले पवित्र गायन हे उपासनाविधीचे अविभाज्य अंग असल्याचे स्पष्ट लिहिले, आणि लोकांनी त्यात सक्रिय भाग घ्यावा असेही. या एका बाबतीत आम्हा प्रोटेस्टंटांनी वसईच्या आपल्या बांधवांकडून शिकावे.

खरे तर आपल्याला फार लांब जायची गरज नव्हती. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली रायतूरला छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या. जुनी पुराणे सुटलेल्या नवख्रिस्ती लोकांना त्यांच्या भाषेत, त्यांच्या कानाला ओळखीच्या छंदात काहीतरी हवे होते. स्टीफन्सनी त्यांच्यासाठी ओवी निवडली. ओवी ही ऐकायची आणि म्हणायची. पुढे 1684 मध्ये पोर्तुगीज राजवटीने लोकांनी तीन वर्षांत स्थानिक भाषा टाकावी असा हुकूम काढला. 1654 च्या आवृत्तीनंतर हा ग्रंथ पुन्हा छापला गेला तो थेट 1907 साली, मंगळूरला. मधली अडीचशे वर्षे तो हाताने उतरवलेल्या पोथ्यांत राहिला आणि माणसांच्या तोंडी राहिला. त्या अडीचशे वर्षांत झालेली प्रवचने कुठे आहेत?

नारायण वामन टिळकांच्या भजनांबद्दलही असाच एक गैरसमज आहे. हिंदूंना ख्रिस्त गोड लागावा म्हणून त्यांनी देशी चाली वापरल्या, असे सर्रास म्हटले जाते. म्हणजे पुन्हा साधनच. टिळक तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले, असे ते स्वतः म्हणत. त्या पुलावरून येणारा माणूस अभंगाला आमिष समजेल, हे मला पटत नाही. वारकरी कीर्तनात काय घडते ते पाहा. बुवा आधी अभंग घेतात आणि निरूपण त्या अभंगाचे करतात. बोलता बोलता मुद्दा सिद्ध करायला दुसऱ्या संतांची वचने येतात, मागे उभे असलेले टाळकरी ती उचलून गातात. त्या वचनांना कीर्तनाच्या भाषेत ‘प्रमाण’ म्हणतात. बोलणे गाण्यावर उभे असते, गाणे बोलण्यासाठी जागा झाडून ठेवत नाही. कृष्णराव सांगळे आणि टिळक यांनी ख्रिस्ती कीर्तन हाती घेतले तेव्हा चालीबरोबर हा विचारही आत आला. नगरकडच्या खेड्यांत ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षर नाकारले गेले होते, अशी माणसे मंडळीत आली होती. त्यांच्यापाशी बायबल विकत घ्यायला पैसा नव्हता, वाचायला अक्षर नव्हते. पाठ असलेले भजन हेच त्यांचे पुस्तक. दळताना, खुरपताना ते मुलांच्या कानांवर पडायचे. धड शिष्यही नसलेले गुरू झाले, हे अँब्रोजचे म्हणणे मिलानइतकेच राहुरीलाही लागू पडते.

मन उंचावणे हाच हेतू असता, तर स्तोत्रसंहिता आहे तशी नसती. तिच्यातल्या दीडशे स्तोत्रांत विलापाची स्तोत्रे सर्वांत जास्त आहेत. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. शेवटी आशेची एक ओळही नाही. मन प्रसन्न करण्यासाठी असे गीत कोण निवडेल? तरीही ते गायनाच्या पुस्तकात आहे, गायकवर्गाच्या नावाने आहे, कारण मंडळीतल्या कुणाचे तरी त्या दिवशीचे सत्य तेच असते, आणि ते देवापुढे मोठ्याने बोलले गेले पाहिजे.

आईला पोचवायला गेलो, तेव्हा तिचे आवडते भजन निवडले होते ते मीच. पहिल्या ओळीलाच माझा घसा दाटला. एकही शब्द फुटला नाही. मागे उभ्या असलेल्या लोकांनी, त्यांतल्या काहींशी माझे फारसे बोलणेही नव्हते, सगळी कडवी म्हटली. त्या दिवशी त्या गाण्याने माझे मन तयार झाले नाही, शांतही झाले नाही. पण जो विश्वास मला उच्चारता येत नव्हता, तो माझ्या वाटचा त्यांनी उच्चारला. आज मला उलट्या बाजूने उभे राहावे लागते. पुढच्या बाकावर कुणी नुकतेच विधवा झालेले असते आणि मला त्यांच्या वाटचे म्हणायचे असते. तेव्हा माझा मूड कसा आहे, हा प्रश्नच उद्भवत नाही.

कुणी विचारेल, मग भावनेला काही स्थानच नाही का? आहे. पौल करिंथकरांना आत्म्यानेही गाईन आणि बुद्धीनेही गाईन असेच लिहितो. खऱ्या बोलण्यात भावना येतेच. मात्र भावना उत्पन्न करण्यासाठीच बोलणारा माणूस हळूहळू खोटे बोलू लागतो, आणि तीच ओळ सोळा-सतरा वेळा घोळवणाऱ्या मंडळीलाही हा धोका आहे. वाद्यांशी माझे भांडण नाही. ध्वनिक्षेपक बंद केला आणि वाद्ये थांबवली, तर बाकांवरून काय ऐकू येते, एवढेच मला पाहायचे असते.

शेवटच्या भोजनानंतर येशू आणि शिष्यांनी गीत म्हटले आणि ते जैतुनाच्या डोंगराकडे गेले, असे मत्तय आणि मार्क दोघेही सांगतात. वल्हांडणाच्या रिवाजाप्रमाणे ते 113 ते 118 या स्तोत्रांपैकी असावे, असे अभ्यासक मानतात. त्या गीतानंतर प्रवचन झाले नाही. त्यानंतर गेथशेमाने आले, आणि अटक.

पाळकसाहेबांना माझी एक विनंती आहे. महिन्यातून एका रविवारी तरी क्रम उलटा करून पाहा. संदेशाला जुळणारी गीते शनिवारी रात्री शोधण्याऐवजी गीत आधी निवडा, ‘उपासना संगीता’तले एखादे, सगळ्या कडव्यांसकट. मंडळीला ते बसून नीट म्हणू द्या, पुन्हा म्हणू द्या. मग उभे राहून त्याच गीताचे निरूपण करा, आणि जिथे मुद्दा सिद्ध करायचा असेल तिथे थांबून ते कडवे मंडळीकडून म्हणवून घ्या.