धरणेकऱ्याचा हेका

हेकेखोर माणूस समजावून ऐकत नाही, अडून बसतो. आणि अडून बसण्याची आपल्याकडची सर्वात ठसठशीत रीत म्हणजे धरणे. म्हणून धरणेकरी हाच हेकटपणाचा मूळपुरुष, असे सहज वाटते. जुना पुरावा तसे सांगत नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात कर्जवसुलीचे पाच उपाय आहेत, त्यांत ‘आचरित’ हा एक. ऋणकोची बायकामुले, गुरे अडवून त्याच्या दारात बसणे, असा त्याचा अर्थ स्मृतिकार बृहस्पतीने केला. पेशवाई बुडाल्यावर कंपनीचा अधिकारी एल्फिन्स्टन याने 1819 साली जो अहवाल लिहिला, त्यातही पंचायतीचा निवाडा अमलात आणणारी यंत्रणा दुबळी असल्याची तक्रार आहे. निवाडा हातात असूनही पैसा मिळत नसेल, तर घेणेकऱ्याने दारात बसायचे नाही तर काय करायचे? शिवाय या बसण्याला नियम होता. धरणे धरणारा उपाशी राही आणि ज्याच्यावर धरणे त्यानेही जेवू नये, असा संकेत होता. नुसत्या हेकटाला अशी बंधने कशाला लागतील?

यावर कोणी म्हणेल, ही शुद्ध जबरदस्ती होती. ऋणकोच्या डोक्यावर धोंडा देऊन त्याला भर उन्हात एका पायावर उभे करण्याचे प्रकार एल्फिन्स्टननेच नोंदवले आहेत. पण तो तगादा, आणि तगादा करायला अंगात जोर लागतो. धरणे हे जोर नसलेल्याचे हत्यार. आक्षेपातली एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी: ब्राह्मणाच्या धरण्यामागे ब्रह्महत्येच्या पातकाचे भय उभे असे. ज्याच्या मरण्याने कोणाला पाप लागत नव्हते, त्याचे उपाशी बसणे तेवढे जड ठरत नसणार. तरी रीत ब्राह्मणांपुरती राहिली नाही. दौलतराव शिंद्यांच्या छावणीत राहिलेल्या ब्राउटन या इंग्रज अधिकाऱ्याची 1809 सालची पत्रे वाचावीत. थकलेल्या पगारासाठी शिपाई आपल्याच वरिष्ठांवर धरणे धरत. लढाईवर जाणारी माणसे हत्यार न उपसता बसून राहतात, याला आडमुठेपणा म्हणणे मला पटत नाही.

इंग्रज सरकारला हे खपण्यासारखे नव्हतेच. वसुली कोर्टामार्फत व्हावी, हे त्याचे धोरण. 1860 च्या भारतीय दंड संहितेत कलम 508 आले. दैवी कोपाची भीती घालून दुसऱ्याला एखादी गोष्ट करायला लावणे हा त्यातला गुन्हा होता, शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. आणि कलमाखाली दिलेले पहिलेच उदाहरण दारात धरणे धरून बसणाऱ्याचे होते.