अभ्यासासाठी हवाय!

नातवाचा दहावीचा निकाल लागला. गुण बरे पडले आणि लगेच त्याला माझा एक जुना शब्द आठवला. "चांगले मार्क मिळव, मग बघू," असं मी कधीतरी म्हणाले होते म्हणे. 'बघू' हा शब्द आपण मोठी माणसं किती सैलपणे वापरतो ते तुम्हाला ठाऊकच आहे. पोरं मात्र तो पक्का धरून ठेवतात.

त्याला हवा होता गेमिंग पीसी, नाहीतर गेम कन्सोल. पैसे अर्थात आजीचे, आणि ते बेताचे. म्हणून त्याने कागदावर दोन रकाने पाडून हिशोबच मांडून आणला. (तेवढं वळण शाळेने लावलं म्हणायचं!) कन्सोल म्हणजे तयार डबा. टीव्हीला जोडला की खेळ सुरू, आणि तेवढ्याच पैशांत चित्र जास्त चांगलं. पण बरेचसे गेम इतरांबरोबर ऑनलाइन खेळायचे तर वर्गणी भरावी लागते. पीसीला सुरुवातीचा खर्च जास्त, त्यातून ग्राफिक्स कार्ड महाग. पण गेम सेलमध्ये स्वस्त मिळतात आणि पुढे एकेक भाग बदलता येतो. पीसीच्या रकान्याच्या तळाशी दोन रेघा मारून लिहिलं होतं : 'अभ्यासालाही उपयोग'.

ते वाचून मला हसू आलं. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. हे वाक्य नातवाचं नाही, त्याच्या बापाच्याही लहानपणचं आहे, हे मला माहीत होतं.

मंडळी, गोष्ट आहे १९८०च्या सुमाराची. अमेरिकेत तेव्हा घरोघरी अटारी कंपनीचा व्हिडिओ गेम होता. १९७७ साली निघालेला हा डबा टीव्हीला जोडायचा आणि त्यात कार्ट्रिज खोचायचं, की झालं. १९८१ साली कमोडोर कंपनीने अमेरिकेत व्हिक-२० नावाचा घरगुती संगणक आणला, किंमत तीनशे डॉलरच्या आत. त्याची जाहिरात करायला स्टार ट्रेक मालिकेतला कप्तान, विल्यम शॅटनर, उभा केला. जाहिरातीचा रोख सरळ आईबापांवर होता : नुसता व्हिडिओ गेम कशाला घेता, त्यापेक्षा संगणकच घ्या की! म्हणजे माझ्या नातवाचा कागद त्या जाहिरातीत तेव्हाच लिहून झाला होता.

आईबाप पटले. पाठोपाठ १९८२ मध्ये कमोडोर ६४ आला आणि किमतींची अशी लढाई जुंपली की संगणक खेळण्याच्या भावात मिळू लागला. त्यातच बाजारात सुमार खेळांचा महापूर. परिणाम असा झाला की १९८३ मध्ये सुमारे तीन अब्ज डॉलरच्या घरात असलेला अमेरिकेतला घरगुती व्हिडिओ गेमचा धंदा दोन वर्षांत दहा कोटींच्या आसपास येऊन आपटला. अटारीने न खपलेली कार्ट्रिजं न्यू मेक्सिकोच्या अलामोगोर्डो गावी खड्ड्यात पुरली. ही दंतकथाच असावी असं पुष्कळांना वाटे, पण २०१४ साली तिथे खणलं तेव्हा ती खरोखर निघाली.

इंग्लंडमध्येही तेच. १९८२ साली सर क्लाइव्ह सिंक्लेअर (तेव्हा नुसतेच क्लाइव्ह) यांनी झेडएक्स स्पेक्ट्रम १२५ पौंडांना आणला. पोरांनी घरी सांगितलं, अभ्यासासाठी हवाय. आणि मग कॅसेटवरून गेम चढवून मनसोक्त खेळली. सगळीच नुसती खेळली असं मात्र नाही. मशीन सुरू केलं की समोर कोरी जागा यायची आणि बेसिक भाषेत काहीही लिहा म्हणायची. काही पोरांनी लिहिलं. मॅनिक मायनर हा तिथला गाजलेला खेळ १९८३ साली मॅथ्यू स्मिथ नावाच्या मिसरूड फुटलेल्या मुलाने लिहिलेला आहे.

जपानमध्ये निन्टेंडोने १९८३ च्या जुलैत आपला कन्सोल काढला. त्याचं नाव काय ठेवलं असेल? फॅमिली कॉम्प्युटर! कळफलक नव्हता, पण नाव संगणकाचं. चीनमध्ये तर नव्वदच्या दशकात आणखी गंमत. त्याच निन्टेंडोच्या डब्याची नक्कल करून तिला कळफलक जोडला आणि सुबोर कंपनीने ती 'शिकण्याचं यंत्र' म्हणून विकली. जाहिरातीत कोण, तर जॅकी चॅन. ती कंपनी नावारूपाला आणणारे दुआन योंगपिंग पुढे बाहेर पडले आणि त्यांनी दुसरी कंपनी काढली. आपल्याकडे खिशाखिशात असलेले ओप्पो आणि विवो हे फोन त्याच कंपनीच्या घराण्यातले. पुढे २००० साली चिनी सरकारने कन्सोलवर बंदीच घातली, कारण मुलं बिघडतात. ही बंदी उठायला २०१४-१५ उजाडलं. तोवर मुलं काय गप्प बसली? ती सायबर कॅफेत जाऊन पीसीवर खेळली.

थोडक्यात, देश कुठलाही असो, खेळाला घरात शिरायचं तर अंगात अभ्यासाचा सदरा घालावा लागला.

आता तुम्ही म्हणाल, बाईंना हे सगळं कशाला आठवतंय? सांगते. हा सगळा खटाटोप चालू होता तेव्हा मीही त्यात होते, आणि माझ्या हातात किल्ली होती.

१९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला. पहिल्या फेरीत देशभरातल्या सुमारे अडीचशे शाळा निवडल्या आणि त्यांना ब्रिटनचे बीबीसी मायक्रो संगणक दिले. आमच्या शाळेचा नंबर थोडा उशिरा लागला. शिक्षकांपैकी कुणाला तरी प्रशिक्षणाला पाठवायचं होतं. गणिताच्या सरांनी अंग काढून घेतलं आणि माळ इतिहासाच्या बाईंच्या गळ्यात पडली. मी मराठी माध्यमातली बीए. पुस्तक सगळं इंग्रजीत. रात्री शब्दकोश घेऊन बसायची.

संगणकाची खोली म्हणजे आमचा गाभारा. चपला बाहेर, खिडक्यांना पडदे, मशीनवर शिवून घेतलेली खोळ. शनिवारी तास. एका मशीनभोवती सात-आठ मुलं, त्यातला एक टंकणार आणि बाकीचे बघणार. तास संपला की कुलूप. महागाची वस्तू, बिघडली तर जबाब मला द्यायचा, ही भीती रात्रंदिवस.

एकदा मधल्या सुट्टीत मी किल्ली कुलपातच विसरले. परत आले तर नववीतला एक मुलगा एकटाच मशीनसमोर. पडद्यावर एक ठिपका उड्या मारत होता, कडेला आपटून परत येत होता. खाली एक छोटी रेघ, तिने तो ठिपका अडवायचा. आमच्या पुस्तकात असलं काही नव्हतं. त्याने ते स्वतःच जुळवलं होतं. मला पाहून तो उठला आणि हसून म्हणाला, "बाई, बघा ना, खेळ झाला!"

मी बटण बंद केलं. त्याने ते कॅसेटवर साठवलेलं नव्हतं, सगळं गेलं. वर त्याच्या वहीत पालकांसाठी शेरा लिहिला : 'संगणकावर खेळतो.' तो पुन्हा कधी त्या खोलीत खेळताना दिसला नाही. पोराला वळण लागलं, असं मला तेव्हा वाटलं.

पुष्कळ वर्षांनी वाचनात आलं की नेमक्या त्याच बीबीसी मायक्रोवर १९८४ साली केंब्रिजच्या डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोन विद्यार्थ्यांनी एलिट नावाचा खेळ लिहिला होता. यंत्राची स्मृती जेमतेम ३२ किलोबाइट, आणि त्यात त्यांनी आठ आकाशगंगा बसवल्या! पुढे केंब्रिजमध्येच एबेन अप्टन यांच्या लक्षात आलं की संगणकशास्त्राला येणाऱ्या मुलांची संख्या घटते आहे आणि त्यांना पूर्वीच्या मुलांइतकं येतही नाही. त्यांनी लावलेलं एक कारण असं की बीबीसी मायक्रो आणि स्पेक्ट्रमची जागा घरचा पीसी आणि गेम कन्सोल यांनी घेतली. दोघांनीही, बरं का! म्हणून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली रास्पबेरी पाय हा चिमुकला, स्वस्त संगणक आणला. त्या संस्थेच्या संस्थापकांत एलिटवाले ब्रेबेनही होते.

हे वाचलं त्या दिवशी मला तो ठिपका आठवला. ते मशीन विलायतेत खुलं होतं आणि आमच्या शाळेत बंद. मशीन तेच. कुलूप माझं होतं.

आता नातवाच्या कागदाकडे येते. आज आतून दोन्ही यंत्रं जवळजवळ भाऊभाऊ आहेत. २०१३ च्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनपासून या दोन घराण्यांच्या कन्सोलमध्ये पीसीच्याच जातीचा प्रोसेसर असतो. फरक उरतो तो कुलपाचा. कन्सोलमध्ये काय चालायचं ते कंपनी ठरवते आणि त्याबदल्यात डबा स्वस्त आणि बिनत्रासाचा देते. पीसीत बिघडवायची मुभा असते. पण त्या मुभेला अर्थ तेव्हाच, जेव्हा घरातलं मोठं माणूस मागे उभं राहून ओरडत नाही.

मी त्याला विचारलं, "खरं सांग, कशासाठी हवंय?"

तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "आजी, आईला अभ्यासाचं सांगितलंय. तुला खरं सांगतो, खेळायचंय. आणि सगळे भाग आणून मला स्वतः जोडायचाय."

मी पेन घेतलं आणि 'अभ्यासालाही उपयोग' ही ओळ खोडली. पीसी घ्यायचा ठरला. भाग त्याने निवडायचे, त्यानेच जोडायचा. एखादा भाग चुकला तर आजी रागावणार नाही. अट एकच, घरात कुणी तो अभ्यासासाठी आणलाय असं म्हणायचं नाही. लेकीला हे मुळीच पटलेलं नाही. तिच्याशी बोलणं चालू आहे!

सध्या माझ्या जेवणाच्या टेबलावर खोकी, स्क्रू आणि वायरी पसरल्यात. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा काहीच झालं नाही. एक वायर उलटी बसली होती. त्याने घाबरून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "उघड पुन्हा."

असो. तो नववीतला मुलगा आता पन्नाशी ओलांडून गेला असेल. चुकून माकून हे त्याच्या वाचनात आलं, तर त्याला एवढंच सांगायचंय की तुझा खेळ चांगला होता. बाईंनी तो नीट बघायला हवा होता.