सहलीचा डबा आणि चाळीस रुपयांचं पाणी

डिसेंबरच्या सुट्टीत घरच्यांना महाड-पोलादपूरला न्यायचं ठरलं, तेव्हा अम्मीने एकच अट घातली. पसारा नको. तिचा नियम जुना आहे : जे दोन हातांत उचलता येईल तेवढंच घ्यायचं आणि जे गार झाल्यावरही चवीला लागेल तेच करायचं. त्यामुळे तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी, उकडलेली अंडी, कांदा आणि मुलांसाठी सांदणं घेतली. एक जाड चादर घेतली, तीच दस्तरखान आणि तीच जानमाज. पाण्याचा मोठा जार मात्र दोन वेळा तपासला.

"पाणी तिथे मिळणार नाही का?" भाचीने विचारलं.

तिच्या प्रश्नाचं उत्तर महाडमध्येच होतं, म्हणून आम्ही आधी चवदार तळ्यावर थांबलो.

मुंबई विधिमंडळात 1923 साली सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेनेही 1924 मध्ये हे तळं खुलं केल्याचं जाहीर केलं. पण ते फक्त कागदावर. 19 आणि 20 मार्च 1927 रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली, तेव्हा आलेल्या लोकांसाठी सवर्णांकडून चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. भरलेलं तळं हाकेच्या अंतरावर असताना!

20 तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागे लोक रांगेने तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. पुढे अफवा उठली की आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार. जमाव मंडपावर चालून आला. लोक जेवत होते. त्यांना मारहाण झाली, अन्न मातीत मिसळलं. जीव वाचवायला काहींनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. नंतर पंचगव्याच्या 108 घागरी ओतून तळं 'शुद्ध' करण्यात आलं आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला.

डिसेंबरमध्ये दुसरी परिषद ठरली. ही तयारी वाचली की आपल्या सहलीच्या याद्यांची लाज वाटते. मंडपाला कोणी जागा देईना. व्यापाऱ्यांनी बहिष्कार घातला, म्हणून धान्यधुन्य बाहेरून आणावं लागलं. बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी मुंबईहून बोटीने निघाले, दासगावला उतरले आणि तिथून पायी महाडला आले. जागा अखेर फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थाने दिली. 25 डिसेंबर 1927 रोजी मनुस्मृतीचं दहन त्याच परिषदेत झालं. तळ्याचा खटला मात्र उच्च न्यायालयात निकाली निघायला 1937 साल उजाडलं.

फत्तेखानांची गोष्ट आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते, आणि सांगावीच. पण मुलांना मी दुसरी बाजूही सांगितली. या तळ्याचं पाणी भरायला मुसलमानांना मनाई नव्हती. म्हणजे आपले लोक घागरी भरून घरी जात होते आणि शेजारचा तहानलेला माणूस काठावर उभा राहून पाहत होता. एका माणसाने जागा दिली, काही घरांनी दारं उघडली. बाकीच्यांनी तोवर काय केलं, हा प्रश्न अभिमानाइतकाच आपला आहे.

"मग आपण त्यांना आपल्या घागरीतलं का नाही दिलं?" भाचीने विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तिथून महामार्गाने पोलादपूरला गेलो. 'शिवभारत' रचणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी या गावात आहे आणि तानाजी मालुसऱ्यांचं उमरठही याच तालुक्यात. सावित्रीच्या काठी सावली बघून चादर पसरली. पावसाळ्यात या नदीजवळ बसू नये; 2016 च्या ऑगस्टमध्ये महाडजवळचा जुना पूल तिच्या पुरात वाहून गेला होता. डिसेंबरात मात्र ती शांत असते.

शेजारी एक कुटुंब येऊन बसलं. त्यांचं पाणी संपलं होतं, धाकटा मुलगा रडत होता. अम्मी जार उचलता उचलता क्षणभर थबकली. आपल्या हातचं त्यांना चालेल का, हा विचार आजकाल आपल्याही मनात येतोच. भाचीने वाट पाहिली नाही. पेला भरला आणि नेऊन दिला. बाळाच्या आईने घेतला, आधी त्याला पाजलं, मग स्वतः प्याली आणि सांदणाकडे बघून विचारलं, "ताई, हे कसं करता?"

परतताना सगळे डबे रिकामे होते, पिशवीही हलकी. सहलीला जाताना सामान कमीच घ्या. पण पाणी घरच्या माणसांपेक्षा थोडं जास्त घ्या.