तेलाची कुपी आणि चकतीचा ब्रेक : सायकल थांबवण्याचा दोनशे वर्षांचा इतिहास

१/ रावेर तालुक्याच्या उत्तरेला सातपुडा आहे, दक्षिणेला तापी. पालच्या बाजूने सपाटीकडे सायकलवर उतरू लागले की पायडल मारण्याची गरज उरत नाही; थांबण्याची मात्र पदोपदी उरते. सायकलच्या इतिहासात आपण वेगाविषयी पुष्कळ वाचतो. आजचा धागा थांबण्याविषयी आहे, आणि ज्या तेलाच्या कुपीने शंभर वर्षे सायकल जगवली, तीच आज ब्रेकची शत्रू कशी झाली याविषयी.

२/ आधी एक हिशेब. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो वजन १०० मीटर उंचीवरून खाली आले, तर सुमारे ८३ हजार ज्यूल ऊर्जा मोकळी होते. हवेचा विरोध बाजूला ठेवला, तर ही सगळी ऊर्जा ब्रेकला उष्णतेच्या रूपाने पचवावी लागते. एवढ्या उष्णतेत २० अंशांचे पाव लिटर पाणी उकळीला येते. ब्रेक म्हणजे गतीचे उष्णतेत रूपांतर करणारे यंत्र. ही उष्णता कोठे निर्माण करायची आणि कोठे सोडायची, या प्रश्नाभोवती ब्रेकचा इतिहास फिरतो.

३/ १८१७ साली कार्ल फॉन ड्राइसने मानहाइम येथे आपली दोनचाकी ‘धावगाडी’ चालवली. तिला पायडल नव्हते. पायाने जमीन रेटायची. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये मिशो यांच्या कारखान्यातून पायडलची गाडी आली. तिच्या हँडलचा दांडा पिळला की दोरी ताणली जाई आणि मागच्या चाकाच्या धावेवर एक पट्टी दाबली जाई. बैलगाडी ओळखणाऱ्याला चाकाचे भाग सांगावे लागत नाहीत : मध्ये तुंबा, मग आरे, बाहेर धाव. सायकलच्या ब्रेकने धावेपासून सुरुवात केली.

४/ पुढे आलेल्या उंच चाकाच्या सायकलवर पुढील भरीव रबरावर चमच्यासारखी पट्टी दाबत. ती जोरात दाबली की स्वार हँडलवरून पुढे फेकला जाई. १८८५ च्या सुमारास जॉन केम्प स्टार्ली याची ‘रोव्हर’ आली : दोन जवळपास सारखी चाके, साखळीने फिरणारे मागचे चाक. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. आता चमचा टायरवर दाबला, तर टायरच झिजून जाणार. ब्रेकला नवी जागा शोधणे भाग पडले, आणि तो टायरवरून रिमवर आला.

५/ त्याच १८८८ सालाची एक मराठी नोंद. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. लोखंडी नांगर, कडबा कापण्याचे यंत्र आणि १९१० नंतरची किर्लोस्करवाडी ही सगळी पुढची कथा आहे. आरंभ सायकलच्या दुकानातला आहे. सायकल विकणाऱ्याला ती दुरुस्तही करावी लागे. या प्रदेशात यंत्राशी हातमिळवणी करण्याची पहिली शाळा अनेकांसाठी सायकलच्या दुकानातच भरली. म्हणून सायकल मिस्त्रीच्या ज्ञानाला इतिहासाचे साधन मानणे योग्य ठरते.

६/ रिमवर आलेल्या ब्रेकचे दोन मार्ग झाले. एक सळईचा : हँडलखालचा दांडा ओढला की लोखंडी सळया वर खेचल्या जात आणि रबराचे गुटके रिमच्या आतल्या बाजूला घासत. दुसरा तारेचा : १८९६ मध्ये अर्नेस्ट बोडेन याने आवरणातून सरकणाऱ्या पोलादी तारेचे पेटंट घेतले. तिसरा मार्ग थेट तुंब्यात गेला. जर्मनीत १९०३ पासून ‘टॉर्पेडो’ नावाचा हब प्रसिद्ध झाला. पायडल उलटे फिरवले की त्याच्या आतला ब्रेक लागे. धावेपासून तुंब्याकडे जाण्याचा प्रवास असा फार पूर्वीच सुरू झाला होता.

७/ भारतात दीर्घकाळ राज्य केले ते सळईच्या ब्रेकने. १९३९ मध्ये मुंबईत हिंद सायकल्स, १९४९ मध्ये मद्रासजवळ टीआय सायकल्स, १९५१ मध्ये सोनीपतला अ‍ॅटलस, १९५६ मध्ये लुधियानाला हीरो : या कारखान्यांतून निघालेली काळी, दणकट सायकल खेड्यापाड्यांत पोचली. तिच्या सळईच्या ब्रेकची ताकद बेताची होती, पण तो पक्कड आणि पाना एवढ्यावर दुरुस्त होई. गुटके झिजले की बदलायचे, सळई वाकली की ठोकून सरळ करायची, कुरकुर आली की सांध्यावर तेलाचे दोन थेंब सोडायचे.

८/ हा शेवटचा नियम लक्षात ठेवावा. साखळी, बेअरिंग, ब्रेकचे सांधे, स्टँड : आवाज आला की तेल. या नियमाने दुकानातली पोरे मिस्त्री झाली, आणि तो चुकीचा नव्हता. त्या सायकलीत जिथे आवाज येई तिथे बहुधा लोखंडावर लोखंड कोरडे घासत असे. घर्षण नको असलेल्या जागा अनेक, हवे असलेली जागा एक; आणि ती रिमवर इतकी उघडी की तिथे तेल सोडण्याचा मोह कोणाला होत नसे.

९/ चकतीच्या ब्रेकचा जन्म मोटारीसाठी झाला. १९०२ मध्ये इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने त्याचे पेटंट घेतले. चाकाबरोबर फिरणारी धातूची चकती, आणि तिला दोन बाजूंनी चिमटणारे तांब्याचे तुकडे. कल्पना अचूक होती, पण काळ प्रतिकूल होता. धातूवर धातू घासून कर्कश आवाज येई, आणि कच्च्या रस्त्यांची धूळ तांबे खाऊन टाकी. पुढे हर्बर्ट फ्रूड याने ब्रेकसाठी अ‍ॅस्बेस्टॉसचे अस्तर रूढ केले. आवाज शमला, उष्णताही सोसली गेली.

१०/ त्या सोयीची किंमत मात्र माणसांच्या फुप्फुसांनी मोजली. अ‍ॅस्बेस्टॉसचे सूक्ष्म तंतू श्वासातून आत गेले की अनेक वर्षांनंतरही कर्करोग होऊ शकतो. ब्रेकची धूळ फुंकून वा हवेच्या झोताने उडवणारे कारागीर वर्षानुवर्षे या धोक्यात काम करीत राहिले. ब्रिटनमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसवर संपूर्ण बंदी यायला १९९९ उजाडले. सायकलच्या आजच्या पॅडांत रेझिन किंवा धातूची भुकटी असते. तरीही ब्रेकची धूळ फुंकू नये, ओल्या फडक्याने टिपावी, हा नियम त्या इतिहासातून आला आहे.

११/ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जड विमाने थांबवण्यासाठी चकतीच्या ब्रेकचा विकास झाला. १९५३ मध्ये ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी डनलॉपच्या चकती-ब्रेकची जॅग्वार जिंकून आणली. १९५५ च्या सित्रोएन डीएस मोटारीत आणि १९६९ च्या होंडा सीबी ७५० मोटारसायकलीत हा ब्रेक सामान्य ग्राहकापर्यंत आला. सायकलसाठी १९७० च्या दशकात जपान आणि अमेरिकेत प्रयोग झाले. १९९० च्या दशकात डोंगरी सायकलींनी तो खऱ्या अर्थाने स्वीकारला.

१२/ हे स्थित्यंतर पाहायला परदेशी जाण्याची गरज नाही. मुंबईहून जबलपूरमार्गे कलकत्त्याला जाणारा रेल्वेमार्ग १८७० मध्ये पूर्ण झाला. भुसावळ ते खंडवा हा त्याचाच तुकडा, आणि रावेर स्थानक त्यावर आहे. १९५५ पासून पेरांबूरच्या कारखान्यात बनलेल्या जुन्या धाटणीच्या डब्यांत ब्रेकचे ठोकळे थेट चाकाच्या धावेवर दाबले जातात. २००० च्या सुमारास जर्मनीहून आलेल्या एलएचबी धाटणीच्या डब्यांत आसावर चकत्या बसवलेल्या असतात. फलाटावरून चाकांकडे नीट पाहिले, तर रिम-ब्रेक आणि डिस्क-ब्रेक यांच्या दोन पिढ्या ओळखता येतात.

१३/ मग सायकलला चकती का हवी झाली? खानदेशातल्या काळ्या मातीकडे पाहावे. पावसाळ्यात ती टायरला चिकटते, रिम आणि गुटक्यांच्या मध्ये भरते आणि चाकच अडवते. तुंब्याजवळची चकती त्या चिखलापासून दूर राहते. शिवाय रिम झिजली तर चाक धोक्यात येते. चकती झिजली तर केवळ चकती बदलावी लागते. शर्यतींच्या जगाने मात्र बराच काळ विरोध केला. २०१६ च्या पॅरिस–रुबे शर्यतीत एक स्वार जखमी झाला, चकतीवर दोषारोप झाला आणि प्रयोग तात्पुरता थांबला. २०१८ मध्ये रस्त्यावरील शर्यतींत तिला कायम परवानगी मिळाली.

१४/ या फायद्याची दुसरी बाजूही आहे. चकतीचा व्यास सामान्यतः १४० ते १८० मिलिमीटर असतो. रिमचा सहाशेच्या पुढे. केंद्राजवळ जितके यावे, तितके तेच काम करायला घर्षणबल अधिक लागते. १६० मिलिमीटरच्या चकतीवर ते रिमच्या तुलनेत सुमारे चौपट लागते. पॅडचा पृष्ठभाग लहान, दाब प्रचंड, उष्णता एकवटलेली; लांब उतारावर चकती २०० अंशांच्याही पुढे तापू शकते. अशा जागी तेलाचा एक थेंब पडला तर पॅड तो शोषून घेतो, घर्षण कोसळते आणि लिव्हर दाबूनही सायकल पुढेच जात राहते.

१५/ येथे जुने ज्ञान आणि नवे यंत्र समोरासमोर येतात. तेल लागलेला ब्रेक बहुधा किंचाळतो. जुना नियम सांगतो, आवाज आला की तेल. म्हणजे तेलाने बिघडलेल्या ब्रेकवर आणखी तेल! यात मिस्त्रीचा आळस नाही, त्याच्या अनुभवाचा प्रामाणिक वापर आहे. फक्त तो अनुभव ज्या यंत्राने दिला, ते यंत्र बदलले आहे. तंत्रज्ञानाच्या इतिहासात असे वारंवार घडते. नवी वस्तू बाजारात लवकर येते. तिची निगा शिकवणारी परंपरा मागाहून येते. मधल्या काळाची जोखीम वापरणारा सोसतो.

१६/ म्हणून निगेचे नियम कारणांसह नोंदवतो. चकतीच्या घासणाऱ्या भागाला बोट लावू नये. त्वचेचे तेल आणि केळीच्या बागेतून आलेल्या हाताचा चीक दोन्ही घातक. चकती थंड झाल्यावर काढावी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने, फक्त त्याच कामासाठी ठेवलेल्या स्वच्छ फडक्याने पुसावी. साखळीला तेल देताना फवारा वापरू नये. थेंब थेंब द्यावे आणि जास्तीचे टिपून घ्यावे. फिरत्या चकतीजवळ बोट कधीही नेऊ नये.

१७/ पॅड नुसता चकाकू लागला असेल, तर बारीक सँडपेपरने हलका घासता येतो. तेल आत मुरले असेल, तर पॅड बदलणे हाच विश्वासार्ह उपाय. शिमानोच्या पॅडवर घर्षणाचा थर ०.५ मिलिमीटर उरला की तो बदलायचा, त्यांची १.८ मिलिमीटरची नवी चकती १.५ पर्यंत झिजली की तीही. नवा पॅड बसवल्यावर सपाट, मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेग घेऊन, चाक न अडकवता, वीसेक वेळा सायकल हळू करावी. पॅडचा पातळ, एकसारखा थर चकतीवर बसतो आणि मगच ब्रेक पुरा लागतो. ही कसरत उतारावर करू नये.

१८/ ब्रेक तारेचा असेल, तर तार आणि तिचे आवरण तपासावे. पॅड झिजतील तसे अंतर जुळवावे. द्रवाचा असेल, तर पुढील भेद जिवाचा आहे. शिमानो खनिज तेल वापरते. स्रॅमचे अनेक ब्रेक डॉट द्रवावर चालतात. एकाच्या जागी दुसरे घातले, तर आतली रबरी सीले खराब होतात. डॉट द्रव हवेतील ओलावा शोषतो, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. तो उकळला की बुडबुडे दाबले जातात आणि लिव्हर हँडलला टेकते. चाक काढलेले असताना लिव्हर दाबू नये. पिस्टन बाहेर येतात.

१९/ तपासणीचे काम उतारापूर्वी करायचे असते. चाक उचलून फिरवावे, चकती घासते का ऐकावे, लिव्हर घट्ट लागते का पाहावे, मगच घाट गाठावा. एवढे पाहायला दोन मिनिटे पुरतात.

२०/ बेळगावच्या दुकानापासून आजपर्यंत सायकलने महाराष्ट्राला यंत्र वाचायला शिकवले. त्या वाचनाचा पुढचा धडा हाच की घर्षण कोठे नको आणि कोठे हवे, हे आधी ओळखावे. तेलाची कुपी दुकानात राहणारच आहे. साखळीला तिच्यावाचून गत्यंतर नाही. चकतीसाठी तिच्या शेजारी अल्कोहोलची बाटली आणि एक वेगळे, कोरे फडके ठेवावे. हा धागा आपल्या गावातल्या सायकल मिस्त्रीला अवश्य वाचून दाखवा, आणि सळईच्या ब्रेकविषयी त्यांना जे ठाऊक आहे ते लिहून घ्या. त्यातले बरेचसे अजून कोणत्याही पुस्तकात आलेले नाही.